विकलेल्या स्कूटरचा मालक कोण?

खालचं प्रकरण कुठल्या एकाच घरातलं नाही. गाडी विकली पण आरटीओत नाव बदललं नाही, अशा प्रकरणांत जे नेहमी घडतं त्यातून ते बेतलं आहे. माणसं कल्पित आहेत, कलमं खरी आहेत. एकच प्रकरण सविस्तर घेण्याचं कारण असं की पोलीस, वाहतूक शाखा आणि आरटीओ यांच्याबद्दल लोक जे प्रश्न सुटे सुटे विचारतात, ते बहुतेक सगळे यात एकामागोमाग येतात.

व्यवहार

पुण्यातल्या कोथरूडचे एक निवृत्त गृहस्थ, वय 67. त्यांना काका म्हणू. गुडघे कुरकुरायला लागल्यापासून त्यांची 2014 ची स्कूटर सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात होती. मे 2022 मध्ये गॅरेजवाल्याच्या ओळखीतल्या एका तरुणाने ती 17 हजारांना घेतली. 12 हजार ऑनलाइन आले, 5 हजार रोख. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर चार ओळी लिहिल्या, आधारची झेरॉक्स घेतली आणि टीटी फॉर्मवर, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर, काकांनी सह्या करून दिल्या. बाकीचे रकाने कोरेच. ‘आठवड्याभरात नाव करून घेतो, काका,’ असं म्हणून तरुण आरसी बुक, पीयूसी आणि दोन्ही चाव्या घेऊन गेला. विमा सप्टेंबर 2022 पर्यंतचा होता.

कोऱ्या फॉर्मवर सही करून देणं ही आपल्याकडची सर्रास पद्धत. त्यात सोय घेणाऱ्याची असते. त्याला गाडी पुढे विकायची असेल, तर स्वतःचं नाव न चढवता तो तेच कागद तिसऱ्याच्या हातात ठेवतो. फी वाचते, खेपा वाचतात आणि मधल्या माणसाचा कुठेही मागमूस राहत नाही. विकणाऱ्याला मात्र वाटत राहतं की आपण सही केली, आपलं काम संपलं.

कायदा तसं म्हणत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 50 दोघांवर वेगवेगळी जबाबदारी टाकतं. एकाच राज्यातला व्यवहार असेल तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत अर्ज करायचा. काकांनी कळवलं नाही. त्यांना ते माहीतच नव्हतं, आणि गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या चौघांपैकीही कुणाला माहीत नव्हतं.

चलनं

पहिला मेसेज त्याच वर्षीच्या दिवाळीत आला. हडपसर, हेल्मेट नाही. आरटीओच्या नोंदीत काकांचाच मोबाइल नंबर होता, त्यामुळे मेसेज त्यांच्याकडेच येणार. त्यांनी तो पुसून टाकला. पुढे ट्रिपल सीट, मग पुन्हा हेल्मेट. तेही पुसले.

त्यांना सरसकट दोष देता येत नाही. मध्यंतरी त्यांच्या भाच्याला व्हॉट्सॲपवर ‘आरटीओ चलन’ नावाची एपीके फाइल, म्हणजे मोबाइलवर ॲप बसवणारी फाइल, आली होती. ती उघडली आणि खात्यातून पैसे गेले. तेव्हापासून चलन म्हटलं की फसवणूक, हे घरात पक्कं झालं. ही सावधगिरी अर्धीच बरोबर होती. सरकारी चलनासाठी कुठलंही ॲप व्हॉट्सॲपवरून उतरवून घ्यावं लागत नाही, हे खरं. पण खरं-खोटं पाहायला मेसेजमधल्या लिंकला हात लावायचीही गरज नसते. महाराष्ट्राच्या ई-चलन संकेतस्थळावर आपण स्वतः जायचं, गाडीचा नंबर आणि चासी नंबरचे शेवटचे चार आकडे टाकायचे. चलन असेल तर फोटोसकट दिसतं. भाच्याने हे खूप उशिरा केलं. फोटोत काकांची स्कूटर होती, पुढचं मडगार्ड बदललेलं, आणि तिच्यावर तीन अनोळखी पोरं.

‘मी तर गाडीवर नाहीच, मग मला चलन का?’ हा प्रश्न काकांनी वाहतूक शाखेत विचारला. कॅमेरा वाचतो नंबर प्लेट. प्लेटवरून मिळतं आरटीओतलं नाव. तक्रार नोंदवायची सोय संकेतस्थळावर आणि ॲपवर आहे आणि ती खरोखर उपयोगी पडते, पण कधी? नंबर चुकीचा वाचला असेल, दुसऱ्याच गाडीने आपला नंबर लावला असेल, फोटोत गुन्हा दिसतच नसेल, तेव्हा. इथे गाडीही तीच होती आणि गुन्हाही स्पष्ट होता. खिडकीवरच्या हवालदारांनी सांगितलं ते बरोबरच होतं: ‘नाव आरटीओत बदला, आमच्याकडे ते होत नाही.’ काका आरटीओत गेले. तिथे सांगण्यात आलं की घेणाऱ्याला घेऊन या, आणि आधी थकलेली चलनं भरा. चलनं भरणं त्यांच्या तत्त्वात बसेना. ‘दुसऱ्याच्या पोरांच्या हेल्मेटचे पाचशे मी का भरू?’ विषय तिथेच राहिला.

मला विचाराल तर त्या दिवशी तत्त्व बाजूला ठेवायला हवं होतं. चलनाची रक्कम ही या प्रकरणातली सगळ्यांत स्वस्त गोष्ट होती.

फोन

जानेवारी 2025. सोलापूर रस्त्यावरच्या एका पोलीस ठाण्यातून फोन. काकांच्या नावावरच्या स्कूटरने पायी चाललेल्या बाईला धडक दिली, तिचा पाय मोडला, चालवणारा गाडी टाकून पळाला. उद्या सकाळी ठाण्यात या.

घरात रात्रभर झोप नाही. प्रश्न तीन होते. उद्या जायलाच हवं का? काका आरोपी आहेत का? अटक होईल का?

आधी अटकेचं पाहू, कारण शेजारच्या एकांनी रात्रीच कुठल्याशा वकिलाला फोन लावून ‘अटकपूर्व जामीन टाकू’ असा सल्ला आणला होता. निष्काळजीपणे गाडी चालवणं हे भारतीय न्याय संहितेचं कलम 281, आणि त्यातून गंभीर दुखापत हे कलम 125 चा भाग. दोन्ही जामीनपात्र. अटकपूर्व जामीन अजामीनपात्र गुन्ह्यासाठी असतो. शिवाय ही कलमं गाडी चालवणाऱ्यावर लागतात. एफआयआरमध्ये आरोपी होता ‘अज्ञात दुचाकीचालक’. एफआयआर महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर पाहता येते. काही संवेदनशील गुन्हे वगळले जातात, अपघात त्यात येत नाही. रात्री अकरा वाजता ती प्रत उतरवून वाचली असती तर अर्धी भीती तिथेच गेली असती.

आता जाण्याचं. 1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम 179 प्रमाणे तपास अधिकारी माहिती असलेल्या माणसाला बोलावू शकतो, पण लेखी आदेशाने, आणि तो माणूस त्या ठाण्याच्या किंवा लगतच्या ठाण्याच्या हद्दीतला हवा. त्यातही 60 वर्षांवरचे पुरुष, 15 वर्षांखालची मुलं, स्त्रिया, अपंग आणि गंभीर आजारी यांना राहत्या जागेखेरीज कुठेही हजर राहायची सक्ती करता येत नाही. जुन्या कायद्यात ही मर्यादा 65 होती, ती आता 60 झाली. म्हणजे कोथरूडच्या 67 वर्षांच्या माणसाला नुसत्या फोनवर सोलापूर रस्त्यावर यायला भाग पाडता येत नव्हतं. स्वखुशीने जायला अर्थातच आडकाठी नाही.

पण ‘जायची सक्ती नाही’ आणि ‘उत्तर द्यायची सक्ती नाही’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि लोक इथेच घोटाळा करतात. मोटार वाहन कायद्याचं कलम 133 गाडीमालकासाठी आहे. चालकावर या कायद्याखाली आरोप असेल आणि अधिकृत पोलीस अधिकाऱ्याने विचारलं, तर चालकाचं नाव, पत्ता, लायसन्स याबद्दल मालकाकडे असलेली, किंवा वाजवी खटपट करून मिळू शकेल अशी सगळी माहिती मालकाने दिली पाहिजे. ‘मला काय ठाऊक’ एवढ्यावर भागत नाही. माहिती दडवली तर कलम 187 खाली तो स्वतंत्र गुन्हा होतो.

‘चोरीला गेली म्हणून सांगा’

सकाळी चहाच्या वेळी सोसायटीतले आणखी एक हितचिंतक आले. त्यांचा सल्ला सोपा: आजच्या आज कोथरूडला जाऊन स्कूटर चोरीला गेल्याची तक्रार द्या, तारीख गेल्या महिन्याची सांगा, तुम्ही मोकळे. हा सल्ला अशा जवळजवळ प्रत्येक प्रकरणात कुणीतरी देतंच, आणि देणारा आवाज खाली आणून, मोठं गुपित फोडल्यासारखा देतो.

तो काकांनी ऐकला असता तर? 12 हजारांचा ऑनलाइन व्यवहार बँकेत नोंदलेला. स्टॅम्पपेपर घेणाऱ्याकडेही असणार. सव्वादोन वर्षांची चलनं, एकाचीही तक्रार नाही. लोकसेवकाला खोटी माहिती देणं हा न्याय संहितेच्या कलम 217 खाली गुन्हा आहे. जो माणूस त्या सकाळपर्यंत कुठल्याच गुन्ह्यात आरोपी नव्हता, तो दुपारी झाला असता. काकांच्या सूनबाईंनी त्या गृहस्थांना चहा दिला आणि विषय बदलला.

कागद

मग कपाट उपसलं. स्टॅम्पपेपर सापडला, आधारची झेरॉक्स सापडली. झेरॉक्सवर फोटोच्या जागी काळा डाग, पण नाव आणि पत्ता वाचता येत होता. बँकेच्या पासबुकात 12 हजारांची नोंद, पाठवणाऱ्याच्या नावासकट. भाच्याच्या जुन्या फोनमध्ये एक फोटोही निघाला: पेढ्यांचा पुडा, स्कूटर, काका आणि तो तरुण. स्टॅम्पवर मजकूर होता की आजपासून सदर गाडीने होणारे चलन, अपघात, पोलीस केस यांची सर्व जबाबदारी लिहून घेणाराची राहील. खाली तारीख होती. वेळ नव्हती.

वेळ का महत्त्वाची? या प्रकरणात ती लागली नाही, कारण अपघात अडीच वर्षांनी झाला. पण विक्रीच्याच दिवशी संध्याकाळी अपघात झाल्याची उदाहरणं असतात, आणि तेव्हा गाडी अकराला दिली की सहाला, यावर सगळं अडतं. जाणते एजंट म्हणूनच डिलिव्हरीच्या पावतीवर वेळ घालतात.

या सगळ्याच्या प्रती जोडून काकांनी तपास अधिकाऱ्यांना लेखी उत्तर दिलं. गाडी कोणाला, कधी, कितीला दिली, पैसे कसे आले, घेणाऱ्याचा पत्ता आणि फोन काय. एक प्रत स्पीड पोस्टाने, दुसरी मुलाच्या हाती, आणि तिच्यावर ठाण्याचा आवक शिक्का. पोच घेतल्याशिवाय मुलाला परतायचं नाही असं बजावलं होतं. शिक्का मिळायला तासभर लागला, पण मिळाला. पुढे ठाण्याचा एक कर्मचारी कोथरूडच्या भागात आला तेव्हा घरीच काकांचा जबाब झाला.

तरुण सापडला. त्याने स्कूटर 2023 मध्येच पुढे विकली होती, तेही तेच कोरे फॉर्म देऊन. त्या तिसऱ्याच्या घरातला पोरगा गाडी चालवत होता, वय 19, लायसन्स नाही. आरोपपत्रात त्याचं नाव आलं. काका साक्षीदार.

घरात पेढे वाटायची तयारी झाली.

भरपाई

फौजदारी बाजू इथे संपली. दिवाणी बाजू एप्रिलमध्ये आली, पुण्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाच्या नोटिशीच्या रूपाने. जखमी बाईंनी मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली भरपाई मागितली होती. सामनेवाले क्रमांक 1 चालक, क्रमांक 2 काका.

‘पोलिसांनी सोडलं, मग कोर्ट कसं बोलावतं?’ हा प्रश्न काकांनी इतक्यांदा विचारला की सूनबाईंनी उत्तर लिहून फ्रिजला लावलं. पोलीस पाहतात गुन्हा कोणी केला. न्यायाधिकरण पाहतं भरपाई कोणाकडून वसूल करायची. कलम 2(30) मध्ये मालकाची व्याख्या आहे: ज्याच्या नावावर गाडी नोंदलेली आहे तो. अपवाद थोडे. मालक अज्ञान, म्हणजे 18 वर्षांखालचा, असेल तर पालक, आणि गाडी हप्त्यांवर, भाडेपट्ट्यावर किंवा तारण असेल तर करारानुसार ती ज्याच्या ताब्यात आहे तो. विकून टाकलेली पण नाव न बदललेली गाडी या अपवादांत येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात हेच सांगितलं. तिथे कार एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी हातोहात गेली होती, नोंदीत मात्र पहिल्याचंच नाव होतं, आणि विमा नव्हता. उच्च न्यायालयाने शेवटच्या खरेदीदारावर जबाबदारी टाकली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती नोंदणीकृत मालकावर परत आणली. कारण साधं आहे. अपघातात सापडलेल्या माणसाने गाडी किती हातांतून गेली याचा माग काढत बसावं, अशी कायद्याची अपेक्षा नाही.

मग स्टॅम्पपेपरवरच्या त्या वाक्याचं काय? ते निरर्थक नाही. काका आणि तो तरुण या दोघांपुरतं ते बांधून ठेवतं. काकांना भरपाई भरावी लागली तर त्या कागदाच्या जोरावर ते तरुणाकडे वसुलीचा दावा लावू शकतात. पण त्या जखमी बाईंनी कुठल्याही स्टॅम्पवर सही केलेली नाही. त्यांच्या हक्काला तो कागद आडवा येऊ शकत नाही.

विमा असता तर चित्र फार वेगळं असतं. कलम 157 प्रमाणे गाडी विकली की चालू पॉलिसी आपोआप घेणाऱ्याकडे गेली असं धरलं जातं. नाव बदलून घ्यायला घेणाऱ्याला 14 दिवस असतात, पण रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसाचं संरक्षण तेवढ्यावरून सुटत नाही. पण त्यासाठी पॉलिसी जिवंत हवी. इथे ती सप्टेंबर 2022 मध्ये संपली आणि पुढच्या दोन्ही मालकांनी ती काढलीच नाही. त्यांच्या दृष्टीने ती गाडी त्यांची नव्हतीच ना, कागदोपत्री.

काका वकील लावून हजर झाले आणि पुढच्या दोन्ही खरेदीदारांना सामील करून घ्यावं असा अर्ज दिला. एवढं तरी व्हायलाच हवं होतं. नोटीस आली तरी गैरहजर राहणारे पुष्कळ असतात, आणि मग एकतर्फी निवाडा होतो. वकिलाने त्यांना जबाबदारीतून पूर्ण सुटायची आशा दाखवली नाही, हे मला त्या वकिलाचं मोठेपण वाटतं. बाईंशी लोकअदालतीत तडजोड आणि तिन्ही जणांत रकमेची वाटणी, या दिशेने आता बोलणी आहेत.

आरटीओ, पुन्हा

चलनं काकांनी भरली. तत्त्वाचा विषय कुणी काढला नाही. आरटीओला उशिराचा फॉर्म 29, सोबत स्टॅम्पपेपर, एफआयआर आणि पोलिसांना दिलेल्या उत्तराची प्रत असा अर्ज केला. विक्री कळवणं ही कायद्यात विकणाऱ्याची स्वतंत्र जबाबदारी आहे. खिडकीवर मात्र व्यवहार दोघांचा मिळून मागतात. म्हणून असा अर्ज पोच घेऊन द्यावा आणि ती पोच जपावी. निदान त्या तारखेनंतरच्या भानगडीत तरी ती दाखवता येते. आणखी एक अडचण उभी राहिली. एप्रिल 2019 पूर्वीच्या गाड्यांना नवी सुरक्षा नंबर प्लेट बसवल्याशिवाय मालकी बदलासारखी कामं पुढे सरकत नाहीत, आणि ही स्कूटर तर ठाण्याच्या आवारात.

ती सोडवायचा अर्ज कोणी करायचा? नोंदणीकृत मालकाने, म्हणजे काकांनीच. त्यात अपघातातल्या विमा नसलेल्या गाडीला पुरेशी हमी दिल्याशिवाय न्यायालय सोडत नाही. सतरा हजारांना विकलेल्या, आता सात हजारांचीही किंमत नसलेल्या स्कूटरसाठी हमी भरायला काका तयार नाहीत, आणि वकिलाचंही तेच मत आहे. अशी गाडी न सोडवल्यास तिचा लिलाव होऊन पैसे न्यायाधिकरणात जमा व्हावेत, अशी तरतूद आहे. काकांनी हरकत नसल्याचं लिहून दिलं आहे.

दरम्यान मुलाची मोटारसायकल विकायला निघाली. या वेळी जुन्या गाड्यांच्या अशा दुकानदाराकडे ज्याच्याकडे आरटीओचं प्राधिकारपत्र आहे. एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे गाडी अशा डीलरच्या ताब्यात देताना फॉर्म 29सी मध्ये पोर्टलवर कळवायचं, आणि तिथून पुढे गाडी विकली जाईपर्यंत डीलरच मालक मानला जातो. डीलर म्हणाला, पोर्टलचं नंतर करू, आधी गाडी ठेवून जा. सूनबाई म्हणाल्या, आम्ही बसतो, करा तुम्ही सावकाश. नोंद झाल्याचा मेसेज आल्यावर चावी दिली, आणि पावतीवर वेळ लिहून घेतली: दुपारी 4.20.